ताराबाईचं पान

हे मी कुणाला बोललेलो नाही. पोरीला नाही, भावाला नाही. जिला सांगायला हवं होतं ती हिरा, माझी बायको, चार महिन्यांमागं गेली. आता तुम्हाला सांगतोय. चौथी शिकलेला माणूस मी, जमेल तसं लिहितो.

हिरा दोन वर्षांची असताना तिची आई वारली, असं तिला घरातून सांगितलेलं. नाव काय — तेही कुणी सांगेना. सावत्र आईसमोर तो विषयच बंद. पितरांच्या पंधरवड्यात अविधवा नवमीला हिरा आईचं पान वाढायची. पण हाक कुठल्या नावानं मारणार? नुसतं ‘आये’ म्हणायची. शेवटी मला म्हणाली, सरकारी कागदात तरी नाव असंल, बघा. आजोळ नावडं आणि आज्याचं नाव, एवढंच तिला ठाऊक.

तहसिलात गेलो. मयतांच्या जुन्या वहीत बाई मिळेना. कारकून वैतागला, त्यानं आज्याच्या जमिनीचा फेरफार काढला. वारस एकच — मुलगी, ताराबाई. पुढं नवऱ्याचं नाव भलतंच, हिराच्या बापाचं नाही. खाली अंगठा, दोनच वर्षांमागचा. मी म्हटलं, ही तर मेलीय. तो म्हणाला, "काका, मेलेलं माणूस अंगठा देतं काय?"

तिथंच बाकड्यावर बसलो. खरं सांगू? तो अंगठा अजून दिसतो मला.

तसाच नावड्याला गेलो, आज्याचं घर विचारत. म्हातारी ओटीवर सुकट निवडत होती. हनुवटी हिराचीच. आणि माझ्या तोंडातून काय निघावं? भाड्यानं खोली बघतोय म्हणालो. तिनं पाणी दिलं. घणसोलीचा म्हटल्यावर तिचा हात थांबला. काडीमोड झाली तेव्हा पंचांनी शब्द घेतला होता, पोरीच्या वाटेला जायचं नाही. एवढं सांगून परत सुकट निवडायला लागली. मग हळूच — "माजी हिरा तुमच्याच गावात दिली हाय. बरी हाय का ती?"

मी म्हटलं, गाव मोठं झालंय, ओळखत नाही.

का? माझ्या पोरीची सोयरीक ठरत होती. काडीमोड झालेली आजी निघाली तर सोयरे काय म्हणतील — बस, एवढंच.

घरी येऊन हिराला नाव दिलं. वहीला वाळवी लागलीय, बाकी काही कळलं नाही, असं सांगितलं. ती दिवसभर ते नाव तोंडात घोळवत होती.

त्या नवमीला तिनं पहिल्यांदा नावानं पान वाढलं. म्हातारी तासाभराच्या वाटेवर जेवत असेल, आणि आम्ही गच्चीवर तिच्या नावानं कावळ्याला बोलावतोय. कावळा शिवेना. हिरा हात जोडून म्हणाली, "तारू आये, काय राह्यलंय तुजं? सांग, मी करीन."

मला ठाऊक होतं काय राहिलंय. मी काव काव करत राहिलो.

पोरीचं लग्न त्याच वर्षी झालं. म्हातारी पुढं सहा वर्षं जगली. तरी मी बोललो नाही.