निळ्या कॅनचं ठिगळ

रत्नागिरीच्या बंदरावर मी प्लास्टिक सांधायचो. स्टोव्हवर लोखंडी पट्टी तापवायची, प्लास्टिकची बारीक फीत वितळवून भेगेवर थर द्यायचा, तो घट्ट झाला की दुसरा, मग तिसरा. मला त्या कामाची घमेंड होती. नियम एकच, ज्या जातीचं प्लास्टिक त्याच जातीचं ठिगळ. जात ओळखायला कोपरा जाळून वास घ्यायचा.

ऐंशीनंतरची गोष्ट. बोटींवर पत्र्याच्या डब्यांच्या जागी प्लास्टिकचे कॅन आले होते. एका बोटीचे तांडेल तळाला चीर गेलेला निळा कॅन घेऊन आले. बोट त्यांच्या हुकमाने चालायची. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. पाच माणसांचं चार दिवसांचं प्यायचं पाणी त्या कॅनमध्ये जायचं.

"दुपारी सुटायचाय. धरेल ना?"

"फोडून दाखवा, चाचा," मी म्हणालो.

कॅनच्या जातीचा तुकडा माझ्याकडे होता, पण पांढरा. निळ्यावर पांढरं ठिगळ मला बघवेना. जाळ्याच्या प्लास्टिकच्या दोराचा एक तुकडा पडला होता, रंगाने हुबेहूब. जात वेगळी, हे मला ठाऊक होतं. पण दोर एवढी जाळी ओढतो, मग पाणी का धरणार नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. चार थर दिले. ओढून पाहिलं, तुटेना. पाणी भरलं, थेंब गळेना. आपटून मात्र पाहिलं नाही.

चाचा तिसऱ्याच दिवशी परत आले. पहिल्या संध्याकाळी लाटेने कॅन फळीवर आपटला आणि थर कांद्यासारखे सुटले होते. सगळं पाणी बोटीच्या तळात गेलं. मासळीसाठी नेलेला बर्फ वितळवून पाचही जण प्यायले. बर्फ संपला तशी मासळीही नासली.

त्यांनी बाटलीतलं गढूळ पाणी माझ्या चहाच्या कपात ओतलं.

"दोन दिस आमी ह्याच प्यालो. आता तू पी."

डिझेलचा आणि मासळीचा वास होता. मी कप संपवला. लाज वाटली.

"रंग जुळावा म्हणून दोर वापरला," मी म्हणालो.

चाचा म्हणाले, "दर्यात कॅन बघाया कोण येतो रे?"

त्यांनी कॅन पुन्हा माझ्याच पुढ्यात ठेवला. मी पांढरा तुकडा शोधला आणि निळे थर काढायला घेतले. पट्टी तापवावी लागली नाही, नखाने निघाले.