बाबांचं 'वेअर'

ये गं बाय, कागदावरच का होईना, पण अशी जवळ बस. तो मोबाईल ठेव आधी खाली. परवा फोनवर माझं इंग्रजी ऐकून तू तोंडावर हात धरून हसलीस, ते आत्याला कळलं नाही असं वाटलं का तुला? ज्या 'वेअर'ला तू हसलीस ना, त्यात तुझे आजोबा होते.

माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं पुड्यांच्या कागदांवरून नि दुकानांच्या पाट्यांवरून शिकले. नारपोलीच्या कापडाच्या कारखान्यात लूमसाठी सुताच्या कांड्या भरता भरता हिंदी आली. राहिलं होतं इंग्रजी. म्हणून धामणकर नाक्यावर एका दुकानाच्या माळ्यावर बायकांचा दुपारचा क्लास निघाला, तिथं जाऊन बसले. सगळ्या सुना-लेकींच्या वयाच्या, मी एकटीच म्हातारी.

सर तरुण. शिकवायचे चांगलं, खोटं कशाला बोलू? ही-शी आलं की क्रियापदाला एस लावा, कालची गोष्ट एकट्याची असेल तर वॉज, जास्त जणांची असेल तर वेअर. पहिल्याच दिवशी म्हणाले, इंग्रजीत तू नाही, तुम्ही नाही, सगळ्यांना एकच यू, ही भाषा सगळ्यांना सारखं मानते. मला ते फार आवडलं. तेवढ्यात झाडू मारणारी बाई आत आली, माझ्याच वयाची. तिला मराठीत म्हणाले, "ए, सरक तिकडं, दिसत नाही का तुला?" माझं डोकं तिथूनच तापायला लागलं होतं.

मग एकदा वडिलांवर पाच वाक्यं लिहायला सांगितली. मी पहिलंच लिहिलं, 'माय फादर वेअर अ लूम वर्कर.' सरांनी माझी वही उचलून ते सगळ्यांसमोर वाचलं आणि विचारलं, "आजी, फादर किती होते तुम्हाला?"

सगळा क्लास हसला. आमच्या वस्तीत नळावर हा प्रश्न कुणी कुणाला विचारला असता, तर हंडे फेकून मारले असते. हा प्रश्न बापाला नाही गं लागत, आईला लागतो.

आता ऐक, वेअर का लिहिलं. कारखान्यात तुझ्या आजोबांना मुकादम 'ए' म्हणायचा, शेठ 'तू' म्हणायचा, शेठचं शाळकरी पोरगंसुद्धा 'तू' म्हणायचं. म्हणून आमच्या आईनं घरात कायदाच केला होता. बाबा आला नाही म्हणायचं, बाबा आले. बाबा जेवला नाही, बाबा जेवले. खारबावची आमची चुलत भावंडं चिडवायची, "सायेब हाय का गं तुजा बा?" आई म्हणायची, चिडवू देत. त्या माणसाला अख्ख्या भिवंडीत अनेकवचन मिळायचं ते फक्त आमच्या एका खोलीत. मग मी ते इंग्रजीत जाताना उंबऱ्याबाहेर काढून ठेवायचं होतं का?

मी सरांना विचारलं, एकट्या माणसाला वॉज, मग माझ्या एकटीला यू आर कसं चालतं? ते म्हणाले, तो नियम आहे, पाठ करा. आणि बजावलं की शेवटच्या दिवशी उभं राहून हीच पाच वाक्यं बिनचूक बोलायची, तरच सर्टिफिकेट. वेअर म्हणालात तर नापास.

आठवडाभर बाबांच्या फोटोसमोर बसून बोलून बघितलं. माय फादर वॉज. जीभच उचलेना. वाटायचं, माझ्या तोंडून मुकादम बोलतोय. सर्टिफिकेट सोडून द्यावं असंही मनात आलं. पण मग हसणाऱ्या हसल्याच असत्या आणि मी घरी बसले असते. ते मला नको होतं. वही पुन्हा पुन्हा चाळली. यूच्या पानावर बोट थांबलं. यू वेअर. एकटा असला तरी वेअर. म्हणजे ह्या भाषेत समोर असलेल्याला मान आहे, पाठीमागे नाही. मग बाबांना समोरच आणायचं.

शेवटच्या दिवशी फोटो पिशवीतून नेला, सरांच्या टेबलावर उभा केला नि बाबांकडं बघूनच बोलले. "बाबा, यू वेअर अ लूम वर्कर. यू वेअर ऑन युवर फीट ऑल डे. यू वेअर टायर्ड. यू वेअर नेव्हर लेट. यू वेअर माय फादर."

कुणी हसलं नाही. सर लाल पेन हातात धरून चूक शोधत राहिले. मग म्हणाले, "करेक्ट आहे." बस, एवढंच. त्या दिवशीच्या प्रश्नाबद्दल अवाक्षर नाही. सर्टिफिकेट घेताना मी म्हटलं, "सर, यू आर हे झाडूवाल्या बाईंनाही लागतं, बरं का." ते पुढचं नाव पुकारायला लागले.

सर्टिफिकेट अजून भिंतीला लावलेलं नाही. राग गेला की लावीन म्हटलं होतं, तो काही जात नाही. तूच ये आणि तुझ्या हातानं लाव, आजोबांच्या फोटोखाली. ह्याच रविवारी ये. चाळीत नव्या भाडेकरूंना माझी खोली माहीत नसेल, तर 'आत्या कुठं राहते' म्हणू नकोस. 'आत्या कुठं राहतात' असं विचार.