मावशीचे सतरा एक

दिसलेला आकडा फोडून पाहिल्याशिवाय एक पाऊल पुढे न टाकणारी बाई अख्ख्या नागपुरात एकच होती, आणि ती नेमकी माझी मावशी निघाली. इतवारीतल्या मुलींच्या शाळेत ती गणित शिकवायची. रिक्षाचा नंबर असो की सिनेमाचं तिकीट, तिचे ओठ हलू लागत, येरझारा सुरू होत आणि तव्यावरची पोळी करपे. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना तिची नजर मंडपवाल्याच्या पाटीवरच्या फोन नंबरावर गेली. तो तेवीसने तुटला, म्हणजे बाकी न उरता भाग गेला, त्या आनंदात तिनं पहिल्याच कडव्याला सगळ्या अक्षता उधळल्या आणि तिच्याकडे पाहून बँडवाल्यांनी वाजवायला घेतलं. मावसा खापरखेड्याच्या वीजकेंद्रात होते. ते म्हणत, आमची यंत्रं निदान दुरुस्तीला तरी थांबतात.

पण तिचा खरा जीव जडला होता ओळीनं सतरा एक मांडून होणाऱ्या संख्येवर. ही मूळ संख्या आहे, एक आणि ती स्वतः सोडून हिला कशानंच भाग जात नाही, अशी तिची खात्री होती; आणि खात्री असूनही ती भागत राही. गच्चीवर पापड राखताना, कूलरसमोर, जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर, वर्षानुवर्षं. पुढे मी कॉलेजात गणित शिकवू लागलो, तेव्हा उत्तर मला लायब्ररीतल्या एका पुस्तकात सापडलं. माझ्या चेहऱ्यावरूनच तिनं ते ओळखलं.

"मले सांगू नको गा," ती म्हणाली. "मी करून राहिली नं."

मग मे महिन्यातल्या एका भर दुपारी ती डोक्यावर ओला पंचा घेऊन आमच्या दारात उभी राहिली. वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीसनं भाग गेला होता, बाकी शून्य. मी आनंदानं हात पुढे केला, पण ती पाण्याचा पेला तसाच धरून बसली.

"माह्या घरचीच वाटे गा मले ती," ती म्हणाली. "तुटली."

आठवड्याभरानं मावसा घाबरून माझ्याकडे आले. घरात रोज मऊ, न करपलेल्या पोळ्या मिळत होत्या. हिला दुसरं काहीतरी दे, असं त्यांनी मला विनवलं. मी एकोणीस एक दिले. दुसऱ्याच दिवशी पोळ्या करपल्या आणि मावसा निर्धास्त ड्युटीवर गेले.

त्या एकोणीस एकांनी तिची उरलेली वर्षं खाल्ली. शेवटी ती दवाखान्यात होती. उठवत नव्हतं, तरी बोट चादरीवर भागाकार करत होतं. मला जवळ बोलावून ती म्हणाली, आता सांग. कशानंच भाग जात नाही, मी सांगितलं. तिचं बोट चादरीवर थांबलं.

"म्हणजे ही राहील," ती म्हणाली. मग माझं मनगट धरलं. "तेवीस एकांचं सांगू नको."

तेही मला ठाऊक होतं. मी नाही सांगितलं. पण ते भागून पाहण्याइतका वेळ तिला कुणी दिला नाही.