समुद्रपूर तालुक्याची कॉक्सन

आमच्या तालुक्याचं नाव समुद्रपूर. समुद्राचा पत्ता नाही, आणि आमच्या जाम गावात तर धड तलावही नाही. आहे तो हायवेचा चौक, ट्रकांच्या रांगा आणि बाबांची चहा-आलुबोंड्याची टपरी. अशा गावातून मी वर्ध्याच्या कॉलेजात अकरावीला गेले आणि एनसीसीच्या नौदल विभागात नाव दिलं. मुलाखतीत मी देशसेवा म्हणाले. खरं कारण पांढरा युनिफॉर्म. तो घालून पहिल्यांदा एसटीत बसले, तर शेजारच्या आजीनं विचारलं, "नर्सबाई, सेवाग्रामच्या दवाखान्यात असता काय?" मी नाही म्हणेपर्यंत तिनं दुखरा गुडघा दाखवायला सुरुवातही केली होती.

आम्हाला शिकवायला प्रभाकरराव होते. नौदलातून चीफ पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे सगळे त्यांना चीफ सर म्हणायचे.

"पोहता येतं?" त्यांनी विचारलं.

"नाही सर."

"पाण्याची भीती वाटते?"

"अजून भेट झाली नाही सर."

भेट हिवाळ्यात झाली, नागपूरकडच्या एका तलावावरच्या शिबिरात. तिथं व्हेलर नावाची लांबट नाव होती. पाच मुली एकेक वल्हं मारतात. सहावी मागे बसून सुकाणू धरते आणि हुकूम देते, ती कॉक्सन. मला आधी वल्हं दिलं. पहिल्या दिवशी ते पाण्यात असं अडकलं की त्याचा दांडा माझ्या छातीवर आला आणि मी पाय वर करून उलटी पडले. दुसऱ्या दिवशी तोच दांडा पुढच्या मुलीच्या पाठीत बसला.

"सुरभी, तुझ्या हातात वल्हं नको," चीफ सर म्हणाले. "आवाज आहे का?"

आवाज होता. ट्रकांच्या हॉर्नवरून ऑर्डर ओरडण्यातच लहानपण गेलेलं. मी कॉक्सन झाले. घरी फोन करून सांगताना बढती मिळाली असंच सांगितलं.

शेवटच्या दिवशी शर्यत होती. दूर पाण्यावर तरंगणाऱ्या नारिंगी खुणेला, म्हणजे बोयाला, वळसा घालून परत यायचं. "गिव्ह वे टुगेदर!" मी वल्हवायचा हुकूम ओरडून दिला. तेवढ्यावर माझं इंग्रजी संपलं. मग म्हटलं, "वोढा ना वं! झोपून राह्यल्या काय?" पोरींनी अशी नाव ओढली की आम्ही सगळ्यांच्या पुढे. नारिंगी खुणेशी सगळ्यात आधी पोचलो. जवळून पाहिलं, तर तो मच्छीमारांच्या जाळ्याला बांधलेला प्लास्टिकचा डबा होता. खरा बोया पार डावीकडे राहिला होता. वल्हवणाऱ्यांची तोंडं मागे असतात, पुढचं फक्त कॉक्सनला दिसतं. त्यामुळे चूक वाटून घ्यायलाही कोणी नव्हतं.

आमच्यावर भरवसा ठेवून आणखी एक नाव मागे मागे आली होती. ती घाईनं वळताना त्यातली काजल नावाची मुलगी पाण्यात पडली. लाइफ जॅकेट होतं, पण तिचा पाय जाळ्यात गुंतला. वाऱ्यानं तिची नाव लांब गेली. जवळ आम्हीच होतो.

मी वल्ही थांबवली, वाकले आणि काजलची कॉलर धरली. तिनं घाबरून माझा हात ओढला आणि मी डोक्यावर पाण्यात गेले. जॅकेटनं वर आणलं तेव्हा नाकात, कानात, तोंडात तलाव होता.

"सोडू नको वं!" काजल रडत म्हणाली.

"मी कायले सोडतो! मलेच पोवता येत नाई!"

हे ऐकून ती आणखीच रडायला लागली. मी एका हातानं तिची हनुवटी वर धरली आणि टपरीवरच्या आवाजात किंचाळत राहिले. सुरक्षेची मोटरबोट दुसऱ्या टोकाला होती, तिला ऐकू गेलं. चीफ सरांनी जाळं कापलं आणि आम्हा दोघींना वर ओढलं.

काठावर येईपर्यंत मी उडी मारून तिला वाचवल्याची बातमी पसरली होती. टाळ्या वाजत होत्या. मी चीफ सरांना म्हटलं, "सर, मी पडले."

"पाहिलं मी," ते म्हणाले. "पुढच्या वेळी पडण्याआधी सुकाणू दुसरीला दे."

गावी आले तर बाबा ट्रकवाल्यांना सांगत होते, "धडाक्यानं उडी मारली जी पोरीनं!"

"बाबा, मी पडली होती."

"अवं, गिऱ्हाइकाले इतकं बारीक कायले सांगाचं?"

आता दर रविवारी मी वर्ध्याला पोहायला शिकते. बॅचमध्ये सगळी पहिली-दुसरीतली मुलं आहेत. ती सुळकन पुढे जातात, मी काठ धरून पाय मारते. परवा एकानं थांबून विचारलं, "काकू, तुमी रडून काऊन राह्यल्या?"

मी सतरा वर्षांची आहे. डोळ्यांत क्लोरीन गेलं, असं मी त्याला सांगितलं.