हळदीच्या डब्यानं माझी बाजू घेतली!

मैत्रिणींनो, आज मी जिंकले!

फरशी पुसली की माझ्या लेकीला शिंका अन् खोकला सुरू व्हायचा. म्हणून दोन महिन्यांपूर्वी मी फिनेल बंद केलं. हिंगोलीच्या दुकानात बिनवासाचं काही मागितलं, तर दुकानदार म्हणाला, "ताई, असलं कोण नेतं?" मी बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचत उभी राहिले आणि बिनवासाचं साधं लिक्विड घेऊनच कुरुंद्याला परतले.

लेकीचा खोकला कमी झाला, पण सासूबाईंचं एकच, "वासच न्हाई! फरशी पुसली का नुसती वली केली?"

आम्ही घरची हळद दळून विकतो. डबे मधल्या खोलीत, त्याच फरशीवर असतात. आज सकाळी नेहमीच्या एक गिऱ्हाईक बाई तीन महिन्यांनी आल्या. चिमूटभर हळद तळहातावर चोळून त्यांनी वास घेतला आणि त्या सासूबाईंना म्हणाल्या,

"मावशी, आता बराबर हळदीचा वास येऊन राहिला. मागच्या खेपेला फिनेलचा येत व्हता, बोलायला संकोच वाटला."

सासूबाई हळद तोलायला लागल्या. मी डबा बंद करायच्या निमित्तानं मान खाली घातली, नाहीतर हसू फुटलं असतं.

दुपारी शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "काहून वं, आजबी वास न्हाई? फरशी पुसली न्हाई का?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई कडाडल्या, "पुसली की! घर हाये हे, दवाखाना न्हाई!"

तुमच्याकडं घर आहे, की अजून दवाखानाच?