न बोलता आलेली टोपली

स्वाइन फ्लूच्या साली आमच्या गल्लीनं आमच्यावर इतकी माया केली, की आईचा जीव जायचा तेवढा बाकी राहिला. हे मी कौतुकानं सांगतेय की रागानं, ते माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही.

पुण्याला एका लग्नाला जाऊन आलेले बाबा तापानं फणफणले. तपासणी झाली आणि दवाखान्यात त्यांना वेगळ्या खोलीत ठेवलं. ऑक्सिजन लावला. धाकटा भाऊ बाहेर बाकावर बसून असायचा आणि त्याच्या मोबाइलवरनं घरच्या फोनवर खबर द्यायचा. घरी आई आणि मी. घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, असं डॉक्टरांनी आम्हाला बजावलं होतं. फोन वाजला की आई आधी देव्हाऱ्याकडं बघायची, मग मला उचलायला सांगायची.

आमची गल्ली म्हणजे वासावरनं एकमेकांच्या घरातली फोडणी ओळखणारी माणसं. ती एकाएकी गप्प झाली. आमच्या दारावरनं जाताना बायका नाकाला पदर लावून पलीकडच्या भिंतीकडेनं सरकायच्या. मला संताप यायचा. आई म्हणायची, "त्यास्नी बी लेकरंबाळं हायती की." तिला सगळ्यांचंच पटायचं, हा तिचा जुना रोग.

समोर पिठाची गिरणी होती. गिरणीवाल्या अक्का मूळच्या निपाणीकडच्या. गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवायची सवय असल्यानं त्यांचं साधं 'चहा घ्या' चौकातल्या रिक्षावाल्यांनाही ऐकू जायचं.

तर एका दुपारी दारात काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला. खिडकीतून पाहिलं, तर अक्का पाठमोऱ्या चालल्या होत्या, सोबत गल्लीतल्या आणखी दोघी-तिघी. हाक नाही, 'वैनी' नाही, जाताना 'येते' नाही. पायरीवर टोपली होती. ती आत आणून मी फडकं बाजूला केलं. वर पिठल्याचं पातेलं, खाली भाकऱ्या. कुठली जाड, कुठली पातळ, कुठली ज्वारीची, कुठली नाचणीची. घराघरांतून गोळा केलेल्या दिसत होत्या.

मला भूक लागली होती, त्यामुळं मला काहीच खटकलं नाही. आईला खटकलं.

आमच्याकडं मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही. मग गल्लीतल्या बायका घरोघरच्या भाकऱ्या गोळा करतात, त्याबरोबर पिठलं करतात आणि नेऊन देतात. निघताना 'येते' म्हणत नाहीत. असल्या टोपल्या आईनं जन्मभर दुसऱ्यांच्या घरी पोचवल्या होत्या. ती मटकन खाली बसली.

"गेलं गं तुझं बाबा," ती म्हणाली. "गल्लीला कळलंय. आपल्याला सांगायचं कुनी, म्हून भाकरी ठेवून गेल्या."

"काहीतरीच बोलू नकोस!" मी तिच्यावर ओरडले आणि भावाला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मग मात्र मलाही आईचं खरं वाटायला लागलं. मागं वळून पाहते तर आई उंबऱ्याजवळ सरकली होती आणि हातातल्या बांगड्या चाचपत होती. मी डॉक्टरांचं बजावणं विसरून दाराबाहेर आले आणि किंचाळले, "अक्का, माझे बाबा गेले काय? खरं सांगा!"

गल्लीतली दारं उघडली, पण माणसं आपापल्या दारातच थांबली. अक्का तेवढ्या पिठाच्या हातांनी धावत आल्या. "कोन म्हनलं?" मी टोपलीकडं बोट केलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"अयाया! कुना एकीवर भार नको म्हून दोन-दोन भाकऱ्या गोळा केल्या की गं! पिठलं झटक्यात हुतंय म्हून पिठलं. आन् बोललं की तोंडातनं रोग उडतोय, असं समद्या म्हनत हुत्या, म्हून गप आलो!"

बाबांना नेल्यापासून आमचा उंबरा कुणी ओलांडला नव्हता. अक्का तो ओलांडून आत आल्या. नाकाला पदरही लावला नाही. त्यांनी आईची दोन्ही मनगटं घट्ट धरली, तिच्या हिरव्या बांगड्यांना पीठ लागलं.

"वैनी, भावजी जित्तं हायती. मला पक्कं ठावं हाय. म्या सांगते न्हवं!"

अक्का हात सोडेनात. दोघी तशाच बसून राहिल्या. मी फोन लावत राहिले. भीती इतकी होती, की मला रडूसुद्धा येईना.

दिवेलागणीला घरचा फोन वाजला. भाऊच होता. "मोबाइलची बॅटरी उतरली गं. टपरीवरच्या कॉइन बॉक्सवरनं बोलतोय. बाबा तसेच आहेत, पण मघाशी त्यांनी पाणी मागितलं." मी ते जसंच्या तसं मोठ्यानं सांगितलं.

अक्कांनी तेव्हा कुठं आईची मनगटं सोडली आणि तोंडाला पदर लावून ढसाढसा रडायला लागल्या. "मला कुठलं ठावं असनार वो वैनी? म्या आपलं उगंच बोलले."

"तुमास्नी ठावं न्हाय, ते मला कळत हुतं," आई म्हणाली. "तुमचं हात किती कापत हुतं. पर तुमी आत आलासा."