फाळक्यामागचा उजेड

त्या संध्याकाळी आपण फोनवर बोलत होतो आणि अंगणात काहीतरी कडाडून मोडल्याचा आवाज तुम्हालाही ऐकू आला होता. "आजी, काय पडलं?" असं धाकटीने विचारलं. "बाज मोडली वाटतं, नंतर सांगते," म्हणून मी फोन ठेवला. पुढचे काही आठवडे मी विषय टाळला, कारण काय सांगायचं ते माझं मलाच कळत नव्हतं. आता सगळं नीट झालं आहे, म्हणून क्रमाने लिहिते.

आपलं घर उमापूरच्या रस्त्याला लागून आहे हे तुम्हाला आठवत असेल. फाटकातून आत आलं की डावीकडे घर, समोर गोठा आणि मधल्या अंगणात सुतळीने विणलेली लाकडी बाज. दिवस मावळताना मी त्या बाजेवर बसून भाजी निवडते. त्याच वेळी आजोबा शेतातून पिकअप घेऊन येतात. मागे उसाचे शेंडे असतात, त्याला इथे वाढं म्हणतात. गाडी फाटकातून उलटी आत घ्यायची, थेट गोठ्यापर्यंत न्यायची आणि वाढं जनावरांपुढे ओढायचं, अशी आमच्याकडची वर्षानुवर्षांची पद्धत.

त्या दिवशी मी मेथी निवडत होते. आत फोन वाजला, त्या वेळेला तुमचाच असतो, म्हणून मी मेथी तशीच ठेवून उठले. मी फोन घेऊन दारात येते आणि तुमच्याशी दोन शब्द बोलते न बोलते तोच गाडी मागे आली आणि बाजेवर चढली. बाजेचे पाय मोडले, सुतळी तुटली, मेथी चाकाखाली गेली. मला काहीही झालं नाही. तुमचा फोन आला नसता तर काय झालं असतं, हे मी इथे लिहिणार नाही. तुम्ही शहाणे आहात.

आजोबा खाली उतरले, बाजेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "दिसलंच न्हाई गं मला."

त्यानंतर ते जेवले नाहीत. सकाळी त्यांनी गाडीची चावी देवघराच्या खुंटीला अडकवली आणि सांगितलं, "माजे डोळे गेले. आता गाडी चालवायची न्हाई. कुणी गिऱ्हाईक आलं तर देऊन टाकू."

मी म्हटलं, "बीडला जाऊन डोळे दाखवून येऊ."

"दाखवून काय व्हनार? डॉक्टर बी तेच सांगन."

तुमच्या बाबाला मी सगळं सांगितलं. तोही घाबरला आणि म्हणाला, "आई, गाडी विका आणि दोघं इकडे या." त्याचं चुकत नव्हतं. पण बाळांनो, आजोबांची गाडी म्हणजे नुसती गाडी नाही. तिच्यावर ते शेतात जातात, चकलांब्याला बहिणीकडे जातात, मला बाजाराला नेतात. ती गेली की ते घरात बसणार, आणि बसून राहिलेले आजोबा कसे दिसतात ते मी त्या आठवड्यात पाहिलं. जनावरांना तर चारा लागणारच. शेजारच्या घरातून तुमचे धाकटे आजोबा, म्हणजे माझे दीर, त्यांच्या ट्रॅक्टरमधून वाढं आणून फाटकाबाहेर टाकायचे आणि तुमचे आजोबा ते पेंढी पेंढी करून खांद्यावरून आत आणायचे. या वयात. मी काही बोलायला गेले की म्हणायचे, "खांद्याला डोळे लागत न्हाईत."

मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. मुलाला शब्द वाचता आला नाही तर आधी फळ्यावर ऊन पडतंय का ते बघायचं, मग मुलाला बोलायचं, ही माझी सवय. म्हणून एका संध्याकाळी मी चावी काढून त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "गाडी चालवू नका. नुसती सुरू करा आणि रिव्हर्स गिअर टाका. मला मागचा दिवा बघायचाय."

गाडी फाटकाबाहेर रिकामी उभी होती. मागच्या बाजूला, खाली, धुळीने माखलेल्या काचेत एक पिवळा ठिपका लागला. एवढाच. तो उजेड जमिनीपर्यंतही पोचत नव्हता.

"हे बघा," मी म्हटलं. "या उजेडात मलाही बाज दिसली नसती."

"इतकी वर्षं दिसत व्हती की."

हे मात्र खरं होतं. तरी दुसऱ्या दिवशी मी हट्टाने त्यांना गेवराईला नेलं. दिवसाउजेडी, हळूहळू, त्यांनीच गाडी चालवली.

तिथे गाड्यांचं वायरिंग करणारा एक जण आहे. त्याने काच पुसली, दिवा लावून पाहिला आणि म्हणाला, "काका, ह्यो रिव्हर्सचा दिवा हाय का निरंजन?"

"तुजी जीभ लई चालती. हात चालव," आजोबा म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांनी कुणाला तरी टोमणा मारला होता. मला बरं वाटलं.

त्याने दोन चौकोनी एलईडी दिवे काढले. मागच्या आडव्या लोखंडी पट्टीवर, जुन्या दिव्यांच्या शेजारी, एकेका बाजूला एकेक बसवला. जुन्याच वायरीवर एवढा भार टाकला तर गिअरजवळचा स्विच जळेल, म्हणून बॅटरीपासून वेगळी वायर ओढली आणि मध्ये रिले, म्हणजे भार पेलणारा वेगळा स्विच, टाकला. मी त्याला दोन गोष्टी विचारल्या. दिवे फक्त रिव्हर्स गिअरमध्येच लागतील ना? आणि त्यांचं तोंड खाली राहील ना, मागून येणाऱ्याचे डोळे दिपणार नाहीत ना?

"मावशी, तुमी आरटीओत व्हत्या का?"

"शाळेत होते."

"मंग बरोबर हाय," असं म्हणून त्याने दिव्यांची तोंडं आणखी थोडी खाली वाकवली. मागे जाताना गाणं वाजवणारा हॉर्न बसवू का, असंही त्याने विचारलं. आजोबा म्हणाले, "बैलं बुजत्याल." शेवटी साधा पिप-पिप करणारा हॉर्न बसवला. दुकानासमोरच्या भिंतीवर दिवे लावून पाहिले तर भरदुपारी भिंतीवर पांढरे चौकोन उमटले. परतताना आजोबांनी गाडी परस्पर शेताकडे वळवली. "आलोच हौत तर वाढं घेऊन जाऊ," म्हणाले.

आम्ही घरी पोचलो तेव्हा दिवस बुडाला होता. मी फाटकाजवळ उतरून बाजूला, कुंपणाशी उभी राहिले. धाकट्या आजोबांना खबर लागली होतीच. ते खुर्ची घेऊन बघायला आले.

"वहिनी, आज तुमच्यात दिवाळी हाय म्हनं."

"बसा आणि बघा," मी म्हटलं.

आजोबांनी गिअर टाकला. पिप-पिप सुरू झालं. अंगण मात्र अंधारातच राहिलं. गाडी हातभर मागे आली आणि थांबली.

"दादा, एक बी दिवा लागंना!" दीर ओरडले. "फसवलं तुमाला त्यानं. मी म्हनलंच व्हतं."

आजोबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. त्यांनी दिरांना काहीच विचारलं नाही, मला विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

"खरं सांग. दिवे लागलेत ना? मलाच दिसंनात ना?"

मी गाडीच्या मागे न जाता बाजूनेच वाकून पाहिलं. मागच्या चाकांच्या आसपासची माती लख्ख पांढरी दिसत होती. एकेक खडा दिसत होता. आणि त्या उजेडापुढे पडद्यासारखा लोंबत होता गाडीचा फाळका.

फाळका म्हणजे पिकअपची मागची, खाली पडणारी फळी. वाढं लांब असतं, गाडीत मावत नाही, म्हणून आपल्याकडे वाढं भरलं की फाळका खाली सोडून देतात आणि शेंडे बाहेर लोंबत राहतात. सोडलेला फाळका नेमका दिव्यांच्या तोंडावर येतो.

"दिवे लागलेत," मी म्हटलं. "फाळक्याच्या आत लागलेत."

"आँ?"

"फाळका उचला!"

दीर उठले. शेंडे रेटून आत कोंबले आणि फाळका वर लोटला. अंगणभर उजेड पडला. गोठ्याची दावण दिसली, गाईचे डोळे चमकले, कोपऱ्यात ठेवलेले मोडक्या बाजेचे पाय दिसले. "आयला, डोळे फुटत्याल की!" म्हणत दीर हाताने चेहरा झाकून मागे सरले.

आजोबा खाली उतरले. त्यांनी फाळका खाली सोडला. अंधार. वर उचलला. उजेड. पुन्हा सोडला, पुन्हा उचलला. वाढ्याचे शेंडे मध्ये येत होते, तरी ते थांबेनात. मग वाकून त्यांनी नव्या दिव्याशेजारच्या जुन्या दिव्यावर बोट ठेवलं.

"ह्यो बी झाकत व्हता."

"हो."

"त्या दिवशी..."

"त्या दिवशीही तुम्ही वाढंच आणलं होतं."

ते सरळ झाले. मग म्हणाले, "मंग इतकी वर्षं कावून काही झालं न्हाई?"

याचं उत्तर दिरांनी दिलं. पूर्वी आपल्याकडे एक सालगडी होता. गाडी मागे घेताना तो मागे उभा राहून पत्र्यावर थापा मारायचा. थाप पडत राहिली की मागे यायचं, थाप बंद झाली की थांबायचं. "दादा, तुमी कदी दिव्यावर गाडी मागं घेतलीच न्हाई," दीर म्हणाले. "थापंवर घेतली." तो गडी गेल्या पावसाळ्यात पुण्याला मुलाकडे राहायला गेला. तेव्हापासून आजोबा एकटेच गाडी मागे घेत होते, मागचं काहीही न दिसता, आणि अंदाजाने बाज चुकत होती म्हणून निभावत होतं. त्या दिवशी अंदाज चुकला.

"म्हंजी डोळे न्हाई," आजोबा म्हणाले.

"डोळ्यांचं डॉक्टर सांगतील. दिव्यांचं मी सांगितलं."

त्यावर ते हसले. त्या रात्री त्यांनी भाकरी पुन्हा मागून घेतली.

पुढच्याच आठवड्यात आम्ही बीडला गेलो. या वेळी तेच म्हणाले, चल. डॉक्टरांनी तपासून एका डोळ्याचा नंबर थोडा वाढला आहे असं सांगितलं, चष्मा बदलून दिला आणि गाडी चालवायला हरकत नाही म्हणाले. तुमच्या बाबाला मी लगेच तिथूनच फोन केला. गाडी विकायचा विषय त्याने स्वतःहून सोडला.

आता घरात एक नियम आहे. वाढं शेतातच मधोमध तोडून भरायचं आणि फाळका लावूनच फाटकात यायचं. आजोबा विसरतील या भीतीने पहिले काही दिवस मी फाटकावर उभी राहायचे. ते विसरत नाहीत. उलट दीर ट्रॅक्टर मागे घेऊ लागले की हेच त्यांच्या मागे जाऊन पत्र्यावर थापा मारतात.

बाजेला दिरांनी नवे पाय बसवून दिले आणि सुतळीही नवी विणली. ती तिच्या जागेवर ठेवायला माझं मन धजत नव्हतं, म्हणून काही दिवस मी ओसरीवरच बसून भाजी निवडली. काल मात्र बाज अंगणात नेली आणि मेथी घेऊन तिच्यावर बसले. पिप-पिप ऐकू आलं. पांढरा उजेड फाटकातून आत आला, हळूहळू सरकत माझ्या पायांपर्यंत पोचला. मी मेथी बाजूला ठेवून उठायला लागले, तेवढ्यात गाडी थांबली. चांगली लांब थांबली.

"बसून राहा गं," आजोबा आतून ओरडले. "दिसतीयास."

मी बसले. मेथी अजून निवडायची राहिली होती.